डावी कूस

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे घडलेलं आहे. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, तेव्हाचं. आणि रात्रही नव्हती... भर दुपार होती.

तिथल्या बूढापारा मोहल्ल्यातल्या कुमुदमावशीचा एकुलता एक मुलगा आशय. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

मावशी स्वतःची द्यायला एका पायावर तयार. सोनोग्राफीत तिच्या दोन्ही किडन्या ठणठणीत दिसल्या.

आडवे आले ते तिचे भाऊ, यशवंतमामा. "विचार कर कुमुद. तुयं बी वय झालं."

त्यांचं तोंड बंद करायला तिने तुळशीपुढे तळहातावर पाणी घेतलं.

"माही डावी किडनी मी आशयले दिली."

पाणी सोडलं. उदक सोडलं की दान झालं, मग माघार नाही.

त्या दिवसापासून डाव्या कुशीवर निजलं की तिला आत पोकळ वाटायचं...

मग सीटी स्कॅन आला. रक्ताच्या नळ्या कशा आहेत, कोणती किडनी काढायची, ते बघायला.

मशीन बोललं, "सांस रोकिए."

मावशीने श्वास रोखला. सगळं चिडीचूप झालं.

आणि तिच्या डाव्या अंगाला... टप्... टप्... पाणी ठिबकत होतं.

स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरीणबाई पडद्याजवळ सरकल्या.

"अम्मा, आपने पहले किसी को किडनी दी है क्या?"

"नहीं, मैडम."

"तो बाईं वाली कहाँ है?"

पुन्हा स्कॅन केला. डावीकडे काहीच नव्हतं. अंगावर टाक्याचा व्रणसुद्धा नव्हता.

एकच किडनी असलेल्या बाईची किडनी कोण काढणार? मावशी बाद झाली. सगळे दुसऱ्या दात्यासाठी वणवण फिरू लागले. मावशी रडून रडून अर्धी झाली.

शेवटी आशयला घाईघाईने भरती केलं. त्याच डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटावर सोनोग्राफी लावली.

त्यांचा हात थांबला...

"इसका ट्रान्सप्लांट कब हुआ?"

"हुआ ही नहीं!" मामा म्हणाले.

उजव्या ओटीपोटात, नवी किडनी बसवतात अगदी तिथे, एक किडनी होती.

"किडनी एकदम अच्छी है," बाई म्हणाल्या. "बस... नस किसी ने जोड़ी नहीं."

ऑपरेशनची धावपळ सुरू झाली. ते सुरू व्हायच्या आतच आशय गेला.

मावशी अजून विचारते, "लेकराजवळच होती ना रे... मग आपण दारोदार काहून फिरून राहिलो होतो?"

मामा उठून बाहेर जातात.