पेटी दुसऱ्याच्या घरी

त्याचं पहिलं दर्शन मला झालं ते बुटांचं. विजेच्या खांबावर, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, मातीनं माखलेले दोन बूट. माझ्या पिशवीत शंभर फॉर्म, हातात छत्री, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. विचारायचं तरी कोणाला? मी मान वर करून ओरडले, "अहो, बूट!"

"बूट ऐकतायत," वरून आवाज आला. "बोला."

"मी शहरातून आलेय, पाहणीला. पूर, वादळ असं संकट आलं तर शहरातल्या लोकांची तयारी किती आणि गावातल्यांची किती, ते बघायचंय. पाच मिनिटं द्याल?"

"देईन की. पण मी खाली आलो तर आठ घरं अंधारात बसतील. तुम्ही तिथूनच विचारा."

मग काय, मी खालून विचारत राहिले आणि तो वरून उत्तरं देत राहिला.

"घरात आपत्कालीन संच आहे का? म्हणजे पाणी, औषधं, टॉर्च, कागदपत्रं, सगळं एका पिशवीत?"

"घरात? नाही."

"घरात शिट्टी आहे का?"

"शिट्टी मी तोंडानं वाजवतो. वाजवू?"

"नको!" मी इतक्या घाईनं म्हणाले की समोरच्या घरातली एक काकू दारात येऊन उभी राहिली.

बावीस प्रश्नांत 'हो' आलं ते फक्त दोनदा. एकदा 'पोहता येतं का' ला, आणि एकदा 'आणखी काही प्रश्न आहेत का' ला. तेवढ्यात तो सरसर खाली उतरला. उन्हानं रापलेला चेहरा, भुवईवर चिकटलेला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा, आणि डोळ्यांत असं काहीतरी, की मी उगाचच फॉर्मवर तारीख दुसऱ्यांदा लिहिली.

"माझा प्रश्न असा," तो म्हणाला, "की तुमची जोड कोण?"

माझे कान तापले. "माझं लग्न झालेलं नाही. आणि हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागली. वायरमनचा चेहरा मात्र पडला. "अहो — तसं नाही — म्हणजे — पाणी चढलं की तुम्ही कोणाच्या घरी जाता? त्याला आम्ही जोड म्हणतो. खालच्या वस्तीतल्या प्रत्येक घराची वरच्या वस्तीत एक जोड असते. आजोबांच्या वेळेपासून ठरलेली. माझी जोड या काकूंच्या घराशी आहे. काका गवंडी आहेत."

"मी सातव्या मजल्यावर राहते," मी जरा ताठ्यातच म्हणाले. "तिथे पाणी चढत नाही."

"पाणी चढत नाही, बरोबर. आणि माणूस?"

मी फॉर्म पिशवीत कोंबले. तुम्हाला म्हणून सांगते, तेव्हा मला तो आगाऊ वाटला होता. आगाऊ, आणि दिसायला बरा.

दुपारी बारापर्यंत मी खालच्या वस्तीतली त्रेचाळीस घरं संपवली. त्रेचाळीस वेळा 'घरात नाही'. गावाला बावीसपैकी कसेबसे दोन गुण मिळत होते, आणि आमच्या शहराला एकोणीस. आमच्या इमारतीत तर दर दाराआड एक लाल पिशवी टांगलेली आहे आणि लिफ्टमध्ये प्लॅस्टिकच्या आवरणात सूचना. मला आपल्या लोकांचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

मी बसची वाट बघत पुलाजवळ उभी होते. तो सायकल हातात धरून आला आणि पाण्याकडे बघत राहिला. पाणी सकाळी हिरवट होतं, आता चहासारखं झालं होतं.

"वर डोंगरात पाऊस जोरात लागलाय," तो म्हणाला. "बस येणार नाही. तासाभरात पूल पाण्याखाली जाईल. शहरात कुठे राहता?"

मी सांगितलं. नदीकाठच्या बाजूलाच.

"इथलं पाणी तुमच्याकडे पोचायला सहा तास घेतं. घरी कोण आहे?"

"आई."

आणि म्हणता म्हणता मी हिशेब करायला लागले. तीन आठवड्यांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती वॉकर धरून कशीबशी बाथरूमपर्यंत जायची. कामाच्या मावशी दुपारी बाराला निघून जायच्या, मी पाचला घरी पोचणार होते. पाणी आलं की वीज जाणार, वीज गेली की लिफ्ट बंद, पंप बंद. सात मजले, आणि वर आई एकटी. मोबाइल काढला तर रेंजचा पत्ता नाही.

"चला," तो म्हणाला. वस्तीच्या टोकाला वीजकेंद्राची खोली होती. तिथे एक जुना काळा फोन होता, विजेच्या तारांवरूनच शहरातल्या मुख्य कक्षाशी बोलणारा. त्यानं तिथल्या ऑपरेटरला आईचा नंबर लावायला सांगितला. वाजला. वाजत राहिला. आईनं उचलला नाही.

"शेजारी कोण आहे?" त्यानं फोनवर हात ठेवून मला विचारलं.

"सातशे दोन."

"ते दार झालं. माणूस कोण?"

दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय, ते मला आठवेना.

"किती वर्षं राहता तिथे?"

"सहा."

तो काही बोलला नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे. एखादा असता तर त्यानं मला तिथल्या तिथे धडा शिकवला असता. त्यानं फक्त विचार केला आणि म्हणाला, "माझी आत्या शहरात असते. हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. तिचा मोबाइल लागतो का बघू." मग तो माझ्याकडे पाठ करून फोनवर हळू आवाजात बराच वेळ बोलला. मला ऐकू आली ती फक्त खरखर. शेवटी त्यानं फोन ठेवला. "निरोप पोचला. आत्या निघतेय."

अर्ध्या तासानं तो फोनही मेला.

मग मी गावाची तयारी पाहिली. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला शोधलं नाही. म्हाताऱ्यांना हाताला धरून, गुरं पुढे घालून, पोरं कडेवर घेऊन खालची वस्ती उठली आणि वरच्या वस्तीत ज्याच्या त्याच्या जोडीच्या घरात जाऊन बसली. दारं आधीच उघडी होती. मी मधोमध उभी, माझे फॉर्म छातीशी धरून. गवंडीकाकूंनी माझं मनगट धरलं. "तू आमच्यात. चल गं."

आतल्या खोलीत भिंतीशी एक लोखंडी पेटी होती. वायरमननं ती उघडली आणि माझ्या अंगावर एक लोकरी स्वेटर टाकला. "आत्याचा आहे. घाला, भिजलात."

मी पेटीत डोकावले. कोरडे कपडे, कागदपत्रं, औषधं, दोन कंदील, टॉर्च, वेगळ्या डबीत सेल. आणि दोरीला बांधलेली एक पितळी शिट्टी.

"ही तुमची पेटी? तुम्ही तर संच नाही म्हणालात!"

"तुम्ही 'घरात' विचारलंत. आमच्या घरात नाहीये. काकूंच्या घरात आहे."

मी फॉर्मांचा गठ्ठा उघडला. त्रेचाळीस घरांनी मला खरं सांगितलं होतं, अक्षर न अक्षर खरं, आणि मी त्रेचाळीस वेळा शून्य लिहिलं होतं. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं, कारण आमच्याकडे प्रत्येकाची पिशवी प्रत्येकाच्या घरात होती आणि माझ्या आईला हात द्यायला एक माणूस माहीत नव्हतं.

"भांडण झालं की काय करता?" मी डोळे पुसत विचारलं. "पेटी परत नेता?"

"भांडण तर होतंच. गेल्या वर्षी काका आणि मी चार महिने बोलत नव्हतो. पेटी इथेच होती."

"अबोला होता, पण कपड्यांना ऊन मीच देत होते," काकू आतून म्हणाली.

दुसरा दिवस मला विसरता येणार नाही. पाणी खालच्या वस्तीच्या छपरांना लागलं होतं. पाऊस एका सुरात पडत होता. जो तो मला म्हणत होता, 'पोचली असेल हो तुमच्या आईपाशी, काळजी करू नका.' चांगल्या मनानंच म्हणत होते बिचारे. दुपारी तो काकूंच्या पायरीवर तारेची टोकं सोलत बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आत्या पोचल्या असतील ना?"

त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. "माहीत नाही," तो म्हणाला. आणि मग जरा सरकून त्यानं पायरीवर जागा केली. "कळेपर्यंत मी इथेच आहे. बसा."

मी बसले. आमच्यात एक वीतभर अंतर होतं. अंधार पडेपर्यंत आम्ही दहा वाक्यंसुद्धा बोललो नसू.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. शहरात तारा तुटल्या होत्या म्हणून त्याला बोलावणं आलं, आणि खांब नेणाऱ्या ट्रकमधून मीही निघाले. लिफ्ट बंदच होती. मी सात मजले कशी चढले, देव जाणे. तो माझ्या मागे दोन पायऱ्या अंतर ठेवून येत होता.

आमचं दार सताड उघडं होतं, आणि कडी तुटलेली.

आत आई! खुर्चीत बसलेली, पाय स्टुलावर, आणि भोवती इतकी माणसं की मला वाटलं मी मजला चुकले. "आलीस?" आई म्हणाली. "अगं, ही आत्या. आणि या सातशे दोनच्या. दातांच्या डॉक्टर आहेत! सहा वर्षं भिंतीपलीकडे, आणि आपल्याला ठाऊकच नाही."

त्या दिवशी दुपारी आई पलंगाजवळ घसरून पडली होती. फोन दुसऱ्या खोलीत वाजत होता आणि ती जमिनीवर बसून ऐकत होती. पाच तास. बस बंद, म्हणून आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून चालत आली, वर येऊन दार ठोठावलं, आतून क्षीण आवाज आला. तशी तिनं मजल्यावरचं एकेक दार बडवून माणसं बाहेर काढली. डॉक्टरबाईंच्या नवऱ्यानं कडी तोडली. त्यानंतर तासाभरातच वीज गेली.

"सगळ्यांच्या लाल पिशव्या मीच उघडायला लावल्या," आत्या म्हणाली. "टॉर्च सहा निघाले. सेल एकातही नाहीत. दोघांच्या पिशवीला तर किमतीची चिठ्ठी अजून लटकतेय!"

सगळे हसले. मी आईच्या मांडीत डोकं खुपसून रडत होते. मान वर केली तेव्हा तो दारातच उभा होता, चिखलाचे बूट बाहेर काढून.

"मी तुमची — किती — " मला शब्द सापडेनात. "तुमचे उपकार — "

उपकार म्हटल्यावर तो एकदम आखडला. "येतो," म्हणाला. "तारा बघायच्यात." आणि निघून गेला.

त्यानंतर तीन महिने तो आला नाही. आत्या यायची, दर रविवारी, आईशी गप्पा मारायला. मी ऑफिसात भांडून तो अहवाल बदलून घेतला. 'घरात' हा शब्द काढला, 'तुमची पेटी कोणाकडे आहे?' हा प्रश्न घातला. शहराचे गुण दणकन घसरले. हे सगळं मला फक्त त्यालाच सांगायचं होतं, आणि त्याचा पत्ता नव्हता. माझं मन कशात लागेना. शेवटी एका रविवारी आत्यानं बोलता बोलता मला एक गोष्ट सांगितली, आणि सोमवारी सकाळी मी पहिल्या बसनं गावात उतरले.

तो वीजकेंद्राच्या खोलीत रजिस्टर लिहीत होता. मला बघून उभाच राहिला.

"तीन महिने कुठे होतात?"

"इथेच." तो पेनाचं टोपण लावायला लागला, काढायला लागला. "खरं सांगू? उपकाराच्या भरात माणूस कशालाही हो म्हणतं. तुमचा भर ओसरू दे म्हटलं. मग — मग बघू."

"तो ओसरला नाही. ओसरणारही नाही. मी जन्मभर आभारी राहणार, त्याला तुमचा इलाज नाही." माझा श्वास लागला होता. "पण मला तुम्ही आवडलात ते त्या पायरीवर. 'माहीत नाही' म्हणालात तेव्हा. आई वाचली की नाही, मला कळलंही नव्हतं. तेव्हा कुठे झाला होता उपकार?"

त्यानं टोपण पेनाच्या उलट्या टोकाला बसवलं.

"आणि दुसरं," मी म्हणाले. "ऑपरेटरनं तुमचा निरोप आत्याला शब्दन् शब्द सांगितला होता. 'आत्या, सातव्या मजल्यावर आपली आई एकटी आहे. लगेच जा.' आत्या म्हणते, मी तर बुचकळ्यातच पडले, वहिनीला जाऊन बारा वर्षं झाली, आता ही आपली आई कोणती?"

वायरमन कानापर्यंत लाल झाला. "घाईत — तुमची म्हणायचं होतं — "

"घाईत माणूस खरं बोलतं."

खिडकीबाहेर पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. त्यानं पेन खाली ठेवलं. "आधी तुम्हाला विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"मग आता विचार."

तुम्हीचं तू कधी झालं, ते मलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं. तो हसला, दोन पावलं पुढे आला, आणि त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "आपल्या आईला आज भेटायला येऊ?"

आम्ही दुपारच्या बसनं निघालो.