डाव्या बाकांचं स्तोत्र

सगळं चर्च थांबलं आणि मी एकटीच पुढे निघून गेले. तेही खणखणीत आवाजात.

चूक माझी नव्हतीच, असं मी अजूनही म्हणेन. पाळकसाहेबांनी त्या रविवारी नवीन पद्धत काढली होती. स्तोत्र नुसतं भराभरा वाचून टाकायचं नाही. ओळीचा पहिला अर्धा भाग डाव्या बाकांनी म्हणायचा, मग सगळ्यांनी एक श्वास थांबायचं, आणि उरलेला अर्धा उजव्या बाकांनी. "त्या श्वासात देवालाही जरा बोलू द्या," असं साहेब म्हणाले. आता मी पडले बस डेपोतली निवेदिका. दिवसभर माइकसमोर बडबड. आमच्याकडे जरा शांतता झाली की प्रवाशांचा जीव वरखाली होतो, आपली गाडी गेली की काय म्हणून. तेव्हा डावा अर्धा संपवून मी तशीच उजव्यांच्या अर्ध्यात घुसले.

समोरच्या उजव्या बाकावर एक उंच माणूस ओठ घट्ट मिटून बसला होता. हसू दाबणाऱ्याचे खांदे कसे हलतात, ते मला चांगलं कळतं. मी डोळे वटारले. त्याने पुस्तकात तोंड खुपसलं.

उपासना संपल्यावर तो नेमका दारातच भेटला.

"आमच्या बाकांचं काम हलकं केलंत. आभारी आहे."

"तुम्ही लगेच सुरू केलं असतंत, तर माझ्यावर ही वेळ आली नसती."

"मी श्वास घेत होतो."

"एवढा मोठा?"

"सवय आहे," तो म्हणाला. "मी पोहायला शिकवतो."

त्याचे केस अजून ओले होते. क्लोरीनचा वास इतका छान असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मागून मावशी आल्या — गायनमंडळातल्या, सगळं चर्च त्यांना मावशीच म्हणतं — आणि म्हणाल्या, "हा माझा भाचा. राहायला आलाय माझ्याकडे. फार बोलत नाही, पण वाईट नाहीये."

पाळकसाहेबांनी आम्हा दोघांना हेरलंच होतं. "एक थांबत नाही आणि दुसरा सुरूच होत नाही," ते म्हणाले. "दोघांना एकत्र जुंपतो, म्हणजे काहीतरी मध्यावर येईल." मला डाव्या बाकांची पुढारी केलं, त्याला उजव्यांचा. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचा सराव.

अहो-जाहो दुसऱ्याच शनिवारी गळून पडलं.

"माझ्याकडे बघ," तो मधल्या वाटेपलीकडून म्हणायचा. "मी तोंड उघडेपर्यंत तू गप्प."

"आणि तोवर काय करायचं?"

"बघत राहायचं."

"नुसतं?"

"नियमच आहे."

"कोणाचा?"

"पाळकसाहेबांचा... असं म्हणू या."

मी बघत राहायचे. त्याच्या पापण्या, शर्टाची वरची सुटलेली गुंडी, श्वास घेताना वर येणारे खांदे... आणि शेवटच्या क्षणी न राहवून काहीतरी बोलून जायचे. उजवे बाक हसायचे. मावशी तर उघडउघड हसायच्या.

एका दुपारी मी त्याच्या पोहण्याच्या तलावावर गेले. सहज नाही, मुद्दाम. मुलांचा वर्ग सुटला होता. आम्ही काठावर पाय सोडून बसलो. पाणी गार होतं.

"शांततेत तुला होतं तरी काय?" त्याने विचारलं.

मी आधी थट्टा करून बघितली. तो काही हसला नाही. मग मी सांगितलं. बाबा आजारी होते तेव्हा मी देवाजवळ अगदी जीव तोडून मागितलं होतं. बाबा गेले. तेव्हापासून मी छापलेलं तेवढं म्हणते. स्वतःची प्रार्थना म्हणून एक शब्द निघत नाही. आणि थांबलं की नेमकं हेच आठवतं, म्हणून मी थांबत नाही.

मला वाटलं, आता हा उपदेश करणार. तो म्हणाला, "मग भांड की."

"देवाशी?"

"स्तोत्रं तूच म्हणतेस ना? निम्मी तक्रारच आहे त्यांत. माझा खांदा गेला आणि स्पर्धा सुटल्या, तेव्हा मी महिनाभर भांडत होतो. त्याला चालतं." पायाने पाणी ढवळत तो पुढे म्हणाला, "मग शिकवायला लागलो. मग इथे आलो. आणि..."

त्या 'आणि'नंतर तो माझ्याकडे बघत थांबला. जरा थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. "आणि मावशींच्या हातचं खाऊन सुटलास," मी म्हणाले. तो हसला, उठला, टॉवेल आणायला गेला. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये फुलदाण्या भरताना मावशींनी सांगितलं, "भाच्याला मोठ्या शहरातून बोलावणं आलंय. मोठा तलाव, मोठी जागा. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय."

"तो काय म्हणतो?"

"तो कधी काही म्हणतो का?" मावशींनी देठ कापला. "कोणी थांब म्हटलं, तर थांबेलही."

मला रडू यायच्या आधी राग आला. मला का नाही सांगितलं? आणि सांगितलं असतं, तर मी तरी काय म्हणणार होते? थांब म्हणायचं, म्हणजे 'का' तेही सांगायला हवं. दिवसभर मी लोकांच्या गाड्या सोडत होते आणि प्रत्येक घोषणा मध्येच अडकत होती. शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी मला खोकल्याची गोळी दिली.

शनिवारी पाळकसाहेब म्हणाले, "आज पुस्तक मिटा. एक ओळ आपली स्वतःची. डावीकडून तक्रार, मग श्वास, मग उजवीकडून उत्तर. पुढाऱ्यांनी सुरुवात करायची."

मी उभी राहिले. गळक्या छपराबद्दल एक चांगली तक्रार मी मनात जुळवली होती. तो समोर उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं आणि छप्पर पार विसरले.

"देवा," मी म्हणाले, आणि आवाज माइकवरचा नव्हता, "मी बाबांना मागितलं तेव्हा तू ऐकलं नाहीस. मी अजून रागावलेय. आता या माणसालाही तू दूर पाठवायला निघालायस. मला तो इथे हवाय. माझं प्रेम आहे त्याच्यावर. त्याला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तुला सांगतेय."

आणि मी थांबले.

वर पंखा फिरत होता. कोणाचा तरी बाक करकरला. बोलणं थट्टेवारी न्यायला दोन-तीन विनोद जिभेवर आले होते, ते मी गिळले. बाबा आठवले. डोळे भरले, भरू दिले. पाळकसाहेब छताकडे बघत होते. तो श्वास घेत होता... घेतच होता. मी बोलले नाही.

"देवा," तो म्हणाला, "मला इथे कोणी थांब म्हणेल का, हे मी तुला रोज विचारायचो. तू उत्तर दिलंस. मी कुठेही जात नाही. माझंही हिच्यावर प्रेम आहे, आणि ते सांगायला मी फार वेळ लावला, त्याची क्षमा कर."

पाळकसाहेब तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाल्या, "आमेन."

तो मधली वाट ओलांडून आला आणि डाव्या बाकावर माझ्या शेजारी बसला.

"अरे, मग उजवीकडे पुढारी कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी आहे की," मावशी म्हणाल्या. "तुम्ही पुढची ओळ घ्या."

त्याने माझा हात हातात घेतला. साहेबांनी पुढची ओळ सांगितली. मला ती ऐकूच आली नाही.