उपद्रवची चार गाणी

"आई, बस अजून आली नाही. आणि पुढे एक मुलगा उभा आहे, त्याच्या डोक्यावर कावळ्यानं घरटं बांधलंय," नूपुर फोनवर म्हणाली. कोलकात्यात, एस्प्लनेडच्या थांब्यावर मराठी कुणाला कळणार, या भरवशावर.

मुलगा वळला. खांद्यावर गिटार, डोळ्यांत हसू.

"कावळा नाही... केस मीच कापला. माझा आई पण असंच म्हणतो."

नूपुरला कुठे तोंड लपवू असं झालं, पण 'माझा आई' ऐकून हसूही आवरेना. तो सुश्रुत. वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे आलेले, हा इथेच जन्मलेला. तिच्या वडिलांची बँकेची नोकरी. कोलकाता तिचं पाचवं शहर, अकरावीच्या वर्षात. दोघंही बेहाला भागातलीच निघाली. बस तिथे पोचेपर्यंत त्यानं विचारून घेतलं होतं की तिला गाता येतं का. गाणं नाही, भावाशी भांडताना ओरडणं तेवढं येतं, असं ती म्हणाली. तेच पाहिजे, असं तो म्हणाला.

त्यांचा बँड होता 'उपद्रव'. बंगालीत आणि मराठीत शब्द एकच, म्हणून ठेवलेला. ड्रमवर शौनक, गिटारवर सुश्रुत, आणि त्या रविवारपासून गायला नूपुर. शौनकच्या काकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी, खळीच्या वासात सराव चाले. पंक संगीताला फार काही लागत नाही, तीन कॉर्ड आणि राग, असं सुश्रुत सांगे. राग तिच्याकडे भरपूर होता. चार शहरांत सोडलेल्या मैत्रिणींचा तिनं हिशोब काढला आणि पहिलं गाणं लिहिलं : 'बांधा सामान'. दीड मिनिटाचं. शेवटी नुसती किंकाळी.

चार गाणी त्यांनी खोक्यांच्या थप्पीवर फोन ठेवून रेकॉर्ड केली. पाऊस आला की पत्रा इतका वाजे की थांबावंच लागे. मग शौनक चहा आणायला जाई आणि ती दोघं खोक्यांवर बसून राहत... गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर. ती त्याचं मराठी सुधारी. तो मुद्दाम चुके.

"तू माझी डोका खातेस."

"माझं डोकं."

"तुझं पण?"

प्रत्येक टेक झाला की तो फोन उजव्या कानाला लावून डोळे मिटून ऐके. एकदा तिनं डाव्या बाजूनं त्याला दोन हाका मारल्या. त्यानं बघितलं नाही. थट्टा करतोय असं समजून ती रुसली. शौनकनं मग तिला बाहेर नेऊन सांगितलं. सुश्रुतचे दोन्ही कान जात होते. त्याच्या मामाचेही असेच विशीच्या आत गेले होते. मोठ्या आवाजानं ते लवकर जातील म्हणून डॉक्टरांनी गिटार सोडायला सांगितली होती, आणि म्हणूनच त्याला रेकॉर्डिंगची घाई होती.

त्या रात्री नूपुर झोपली नाही. पुढच्या रविवारी तिनं सांगितलं की ती गाणार नाही. तिच्या मनात होतं, बँड मोडला तर त्याचे कान राहतील. हे तिनं त्याला सांगितलंही. त्यानं गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि तो निघून गेला. त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही. 'उपद्रव' सात महिन्यांत संपला.

बारावीची परीक्षा झाली आणि वडिलांची नागपूरला बदली आली. जायच्या आदल्या दिवशी तिनं सुश्रुतला एकच ओळ पाठवली : उद्या जातेय, भेटशील? सियालदह स्टेशनसमोर ये, असं उत्तर आलं. तिथल्या दवाखान्यात तो कानांच्या तपासणीला येत असे.

तो दवाखान्यातून बाहेर आला तेव्हा केस नीट विंचरलेले होते. दोन्ही कानांत यंत्रं.

"समोरून बोल," तो म्हणाला. "हळू."

"गिटार?"

"पत्रे आपटल्यासारखं ऐकू येतं. आपली गाणी पण तशीच." तो म्हणाला, "कान जाणारच होते, नूपुर. बँड बंद करून राहिले नाहीत. अजून सहा महिने ऐकलं असतं... तुला. ते महिने गेले."

आपण त्याला काहीतरी राखून देतोय, असं वर्षभर ती स्वतःला समजावत आली होती.

"रागावलायस?"

"हो."

"आणि?"

"आणि प्रेम पण आहे." तो गरजेपेक्षा मोठ्यानं बोलला. दोघी-तिघींनी वळून पाहिलं. "दोन्ही आहे. काय करू?"

तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "माझं पण." त्याला कळलं. त्यानं तिचे हात क्षणभर तसेच दाबून धरले, मग सोडवले. नागपूरहून फोन करू नकोस, असं तो म्हणाला. फोनवर आता कुणाचंच बोलणं कळत नाही. आणि लिहू का, असं तिनं विचारलं. त्यावर तो नुसता हसला, आणि लोकल धरायला धावणाऱ्या गर्दीतून उलट दिशेला चालू लागला.

दहा पावलं गेली असतील. नूपुरनं हाक मारली, असेल नसेल तेवढा जीव एकवटून. फळवाले वळले, हमाल वळले, पळती माणसं थबकली.

सुश्रुत चालत राहिला.