न पचलेला घास

परळीच्या एका कॉलेजात सुकन्या वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात रानपाल्याचे अर्क तपासायची. दिंद्रुडजवळ शेळ्या राखणाऱ्या साखराबाईनं तिला बांधावरचा एक केसाळ वेल दाखवला होता. त्याचा पाला खाल्लेली तिची एक शेळी कितीतरी दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती, असं तिचं म्हणणं. मधुमेहावर काही हाती लागेल, म्हणून सुकन्यानं पिशवीभर पाला आणला.

अर्क काळपट निघाला, शेंबडासारखा तार धरणारा. त्याला शेळीच्या तोंडाचा वास होता. पहिली चाचणी मात्र झकास झाली. जांभळं द्रावण दोन थेंबांत पिवळं पडलं, म्हणजे अँटिऑक्सिडंट भरपूर. आता पीठ पचवून साखर करणारं लाळेतलं एन्झाइम हा अर्क रोखतो का, एवढंच बघायचं होतं. लाळ ती नेहमी स्वतःचीच वापरायची.

दोन नळ्यांत पिठाचं पाणी आणि लाळ. एकीतच अर्क. मग आयोडीन. पीठ न पचता राहिलं तर रंग निळा होतो. अर्काची नळी निळी झाली तशी ती खूश झाली.

मग दुसरीही निळी झाली.

शेजारच्या टेबलावरच्या सोमेश्वर सरांनी हसत आपली लाळ दिली. अर्क न घातलेल्या त्यांच्या नळीला निळा रंग आला नाही. सुकन्याची पुन्हा निळीच.

"मॅडम, अर्क चाखला की काय?"

"छे हो! हातमोजे घातले होते मी."

संध्याकाळी बेसिनशी चूळ भरताना दुपारच्या भाकरीचा घास वर आला. आंबट नव्हता. चावला होता तसाच, कोमट. तिनं तो थुंकून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या घासात परवाची मेथी होती. दात घासून घासून हिरड्यांतून रक्त आलं, तरी जिभेवरचा बुळबुळीतपणा जाईना. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. गोळ्याही अख्ख्या वर आल्या.

सुट्टी लागताच तिनं दिंद्रुड गाठलं. साखराबाई शेळ्या कोंडायच्या वाड्याच्या दगडी कुंपणाशी कळप घेऊन बसली होती.

"मावशी, पाला खाल्लेल्या त्या शेळीचं पुढं काय झालं?"

साखराबाईनं नजर खाली घातली. "मेली. पोट फाडून बघितलं आमी. लई दिसांचा चारा जसाच्या तसा, हिरवागार. मरंपत्तोर रवंथ करीत हुती."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कुठं खाणार हुतात, बाई?" ती थबकली. "खाल्ला न्हाई न्हवं?"

उत्तर द्यायच्या आत सुकन्याच्या घशातून गोळा वर सरकला. थुंकायला ती कुंपणाकडं वळली. ओठ उघडेनात.

ती खालीच बसली.

गोळ्यात कुसळं होती. ओल्या गवताची चव होती. गवत तिनं जन्मात खाल्लं नव्हतं.

तिचा जबडा हलू लागला. आडवा.

एक करडू चालत आलं, तिच्या ओठांना नाक लावून हुंगत राहिलं आणि तिथंच अंग टेकून बसलं.

साखराबाईनं त्याला हाकललं नाही.