हळदीच्या गाड्या कुठं लावायच्या?

ऋतिकाची स्कूटी अडकली ती अशी अडकली, की पुढं जाता येईना आणि मागंही सरकता येईना. समोर भलामोठा कंटेनर, पाठीमागं टेम्पो, उजवीकडं गोदामाची भिंत आणि डावीकडं गटार! घड्याळात दहाला दहा कमी. दिवाळीची सुट्टी संपलेली, बदली होऊन नव्या शाळेत रुजू व्हायचा पहिलाच दिवस, आणि ही अशी सलामी.

पडघ्याहून निघताना आई म्हणालीच होती, "भिवंडीकडचे रस्ते आहेत बाई, तासभर आधी नीघ." पण आईचं ऐकेल ती ऋतिका कसली!

तिनं हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, दहादा. कंटेनर आपला हळूहळू मागंच येतोय. तेवढ्यात कुठूनशी एक करकरीत शिट्टी वाजली आणि कंटेनर जागच्या जागी थांबला. धुळीतून एक तरुण पुढं आला. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी, आणि चेहरा असा निवांत, की जणू कुणाच्या लग्नाला आलाय.

"मॅडम, हॉर्नला कंटेनर घाबरत नाही," तो म्हणाला.

"मग कशाला घाबरतो?"

"मला."

"अहो, मग घाबरवा की जरा! शाळेत पोचायचंय मला."

"कुठल्या...? आमच्या शाळेत?" त्याचा निवांतपणा कुठल्या कुठं पळाला. तो गर्रकन वळला. "ओ भाईजान, गाडी आगे लो! आगे, आगे... बस्स!"

कंटेनर दोन हात पुढं सरकला आणि स्कूटीपुरती वाट मोकळी झाली. ऋतिका सुसाट निघाली. थँक्यू म्हणायचं राहिलं हे तिला शाळेच्या दारात आठवलं, आणि मग दिवसभर ते राहिलेलं थँक्यू तिला बोरीच्या काट्यासारखं टोचत राहिलं.

राहनाळच्या पलीकडचं हे पिंपळकोन गाव. कधीकाळी इथं भाताची शेतं होती, आता जिकडंतिकडं गोदामं. शाळा मात्र आजोबांच्या काळातलीच राहिली. दोन खोल्या, त्रेचाळीस मुलं, आणि दार उघडलं की थेट गाड्यांचा रस्ता. तेही चौथीपर्यंतच. पाचवीला जायचं तर हायवे ओलांडून पलीकडं. गोदू नावाची एक हुशार मुलगी चौथीनंतर घरीच बसली होती. रोज शाळेच्या खिडकीशी उभी राहून ती आत काय शिकवतात ते ऐकायची. ऋतिकानं तिला पहिल्याच दिवशी तिथं पाहिलं. 'हिला पाचवीत बसलेली बघेन, तरच मी खरी शिक्षिका,' असं तिनं त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एक नवल घडलं. मुलं रस्ता ओलांडायच्या वेळेला तीच करकरीत शिट्टी वाजली. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. नारिंगी जाकीटवाला रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून उभा, आणि मुलं रांगेनं अलीकडं येतायत!

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?" ऋतिकानं विचारलं.

"कुणी नाही. काल तुमचा हॉर्न ऐकला ना... म्हटलं, बाईंचा घसा नाही, पण हॉर्न नक्की बसेल."

ती हसणार नव्हती. अगदी ठरवून हसणार नव्हती. पण हसलीच!

त्याचं नाव सार्थक. समोरच्या गोदामात गाड्या लावून घ्यायचं काम त्याच्याकडं. कुठली गाडी कधी आत घ्यायची, कशी वळवायची, कुठं थांबवायची, सगळं त्याच्या शिट्टीवर. गावात कुणाच्या हळदीचा कार्यक्रम असला की पाहुण्यांच्या गाड्या लावायलाही सार्थकच. आणि इथली हळद म्हणजे काय विचारता! हजार-हजार पाहुणे, बँडबाजा, आणि शाळेमागचं गावठाणाचं मैदान गाड्यांनी गच्च.

दिवस जात राहिले. थंडी पडली. सकाळची शिट्टी एक दिवसही चुकली नाही. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटीच्या सीटवर कागदाची पुडी दिसली. आत बोरं... आंबटगोड, टपोरी.

"ही तुम्ही ठेवलीत?" दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं.

"मी? छे! झाडाखाली गाडी लावली की पडतात बोरं."

"कागदात बांधून पडतात?"

"आमच्या गावची बोरं आहेत मॅडम, शिस्तीची आहेत." एवढं बोलून त्यानं उगाचच शिट्टी फुंकली. बिचारा एक रिक्षावाला दचकून थांबला.

आता लपवण्यात काय अर्थ? ऋतिकाला तो आवडायला लागला होता. आरशासमोर दोन मिनिटं जास्त जायला लागली होती. आईच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं, पण आई शहाणी, ती काही बोलली नाही.

आणि अशातच जानेवारीत नव्या शाळेचा विषय आला. आठवीपर्यंतची शाळा, आठ खोल्या, मंजुरीही आली! अट एकच. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेनं मैदानाची जागा द्यायची. नाही दिली, तर शाळा दुसऱ्या गावाला जाणार. ऋतिका आनंदानं वेडी व्हायची बाकी होती. शाळा सुटली की ती घरोघर जायची, एकेका आईबापाला समजवायची.

सभेच्या चार दिवस आधी ती ग्रामपंचायतीत गेली. फळ्यावर सभेचे विषय लावले होते. पहिला, मैदानावर नवीन शाळा. दुसरा, त्याच मैदानावर ट्रकांसाठी पार्किंग. सोबत लावलेल्या पार्किंगच्या अर्जाखाली चाळीस सह्या, आणि सगळ्यात वरची सही... सार्थकची.

ती तडक गोदामाच्या फाटकावर गेली.

"बोरं खायला घालायची आणि पाठीमागं मैदान पळवायचं! छान!"

"मॅडम, ऐका तर खरं. तो अर्ज दसऱ्याचा आहे, तुम्ही यायच्या आधीचा. आणि मुलांसाठीच केला होता. रस्त्यावर सकाळपासून वीस-पंचवीस गाड्या उभ्या असतात. त्या मैदानावर गेल्या तर रस्ता मोकळा होईल ना!"

"आणि शाळा? ती काय हवेत बांधायची?"

त्यानं एका टेम्पोला उगाचच हातानं आत जायची खूण केली.

"मला एक सांगा," ऋतिका तशीच तणतणत म्हणाली, "तुमचं गोदाम उघडतं नऊला. मग गाड्या पहाटेपासून येऊन का उभ्या राहतात?"

"टोकनसाठी. फाटकावर जो आधी उभा, त्याची गाडी आधी आत. पहिल्यापासून अशीच पद्धत आहे."

"आणि हे टोकन देतं कोण?"

सार्थकनं तोंड उघडलं... आणि तसंच उघडं ठेवलं. डोक्यावर पोतं घेतलेला माथाडी जागीच थांबला, वॉचमननं मान वळवली, सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"मी," तो हळूच म्हणाला.

"वा! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. गाड्या तुम्हीच बोलवायच्या, आणि त्यांना जागा हवी म्हणून शाळा तुम्हीच घालवायची!"

ती निघून गेली. रस्ताभर डोळे पुसत गेली. धुळीनं पाणी येतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं, पण धूळ इतकी नव्हती.

पुढचे तीन दिवस शिट्टी वाजत राहिली, मुलं रस्ता ओलांडत राहिली. ऋतिकानं मात्र त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बोरंही पडली नाहीत. त्या तिन्ही दिवशी ती वीस-वीस मिनिटं लवकर पोचली, आणि आपण वेळेच्या किती पक्क्या झालोय, म्हणून स्वतःवरच खूश झाली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्याच अंगणात ग्रामसभा भरली. सरपंच वनिताताई खुर्चीवर, गाव सतरंजीवर. ऋतिका मुलांसोबत पायरीवर बसली होती. गावची मतदार नसल्यामुळं तिला हात वर करायचा हक्क नव्हता. बाजूला गोदू तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसलेली.

"पार्किंगवर कोन बोलतंय?" वनिताताईंनी विचारलं.

सार्थक उठला. ऋतिकानं नजर जमिनीला लावली.

"माझा अर्ज मी मागं घेतो," तो म्हणाला. "चूक माझीच होती. टोकन मी फाटकावर देत होतो, म्हणून गाड्या रस्त्यावर तळ ठोकून बसायच्या. आता मी टोकन मोबाइलवर देतो. ड्रायव्हर पडघ्याला ढाब्यावर थांबतात, चहा पितात, नंबर आला की मी फोन करतो, मगच गाडी गावात येते. मालकाला विचारून तीन दिवस करून बघितलंय. तुम्हीच सांगा, तीन दिवस रस्ता कसा होता?"

सभेत कुजबुज झाली. "खरंच गो, परवा रिक्षा भुर्रकन आली." "अरं हां, माज्या दुकानाची पाटी लोकांना दिसाया लागली!"

ऋतिकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वीस मिनिटं लवकर... म्हणजे ती वेळेची पक्की वगैरे काही झाली नव्हती! तिचे कान तापले. तिनं वर पाहिलं, तर तो नेमका तिच्याकडंच बघत होता. दोघांनीही घाईघाईनं नजर वळवली.

"मग शालेला मैदान द्यायचं?" वनिताताईंनी विचारलं. "हात वर करा."

चारदोन हात वर गेले असतील-नसतील, तोच सार्थकचे बाबा, चांगदेव, उभे राहिले. गावात त्यांचा शब्द मोठा.

"थांबा! शाला पायजे, मी न्हाय कुठं म्हनतो? पन माजा एकुलता एक पोर हाय. त्याच्या हलदीला हजार पावना येल. मैदानात शाला बांदली, तर गाड्या कुठं लावू? तुमच्या डोक्यावर?"

झालं! वर गेलेले हात पटापट खाली आले. ज्याच्या घरी लग्नाचा पोरगा, तो प्रत्येक जण चांगदेवांच्या बाजूनं बोलायला लागला. ऋतिकाला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. ट्रक हरले, आणि शाळा हळदीच्या गाड्यांपायी जाणार? गोदूची मूठ अजूनच घट्ट झाली.

"बाबा," सार्थकचा आवाज आला. फार मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझी हळद ना? मग मी सांगतो. माझ्या हळदीला आणि लग्नाला एकपन गाडी गावात येणार न्हाय."

"येड लागलाय का तुला? पावने काय उडत येतील?"

"चालत येतील. गाड्या राहनाळच्या नाक्यावर, आमच्या मालकाच्या दुसऱ्या गोदामाच्या आवारात लावायच्या. रात्री ते रिकामंच असतं, मालक हो म्हणालाय. तिथून बँड लावून वाजतगाजत घरी आणू सगळ्यांना. आतापर्यंत नवरदेवाचीच वरात निघायची, आता पाहुण्यांची निघेल. कुठल्या गावात झालाय असा मान?"

मग म्हातारी पुतळाबाई आपल्या जागेवरूनच कडाडली, "आरं चांगदेवा, नवरीचा पत्ता न्हाय नि गाड्यांची कालजी! पयली नवरी तर दाखव!"

सगळी सभा खो-खो हसली. चांगदेवांनाही हसू आवरेना. "काय रं, हाय का कुनी?" त्यांनी लेकाला भर सभेत विचारलं.

सार्थकनं गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवली. "हाय... म्हणजे, माझ्याकडून हाय. तिला अजून विचारलं न्हाय."

आणि त्यानं बघितलं. शाळेच्या पायरीकडं बघितलं. आता हजार डोळ्यांच्या गावात एक नजर लपते होय? मुलं हसायला लागली, बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. ऋतिकाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं, पण जरा थांबून, आधी हात मोजू द्यावेत.

"हात वर!" वनिताताई हसू दाबत ओरडल्या.

पहिला हात चांगदेवांचा होता. मग पुतळाबाईचा, मग सगळ्यांचेच. ठराव मंजूर झाला. गोदूनं ऋतिकाच्या गळ्याला मिठी मारली आणि विचारलं, "बाई, मंग मी पाचवीत?"

"पाचवीत!" ऋतिका म्हणाली, आणि या वेळी तिनं धुळीचं नाव घेतलं नाही.

सभा पांगली. ऋतिका स्कूटीजवळ आली, तर सीटवर बोरांची पुडी, आणि बाजूला सार्थक. निवांतपणाचा आता मागमूस नव्हता.

"मॅडम... मी सभेत जरा जास्त बोललो का?"

"बोललात."

"राग आला?"

तिनं पुडी पर्समध्ये ठेवली. हेल्मेट घातलं. पट्टा लावला. किल्ली फिरवली. त्याचा चेहरा पार उतरला.

"माझ्या आईचे गुडघे दुखतात," ती म्हणाली.

"अं?"

"राहनाळच्या नाक्यापासून चालत येणं तिला जमायचं नाही. बाकीच्या गाड्या खुशाल बाहेर ठेवा. पण तिची एक गाडी तेवढी आत सोडावी लागेल... सोडाल?"

हजारो गाड्या वळवलेल्या माणसाला ही एक गाडी कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. त्यानं घाईघाईनं शिट्टी ओठांना लावली, पण फुंकर कुठं धड निघते? नुसतीच हवा आली.

"नीट वाजवा," ऋतिका हसून म्हणाली. "आणि थँक्यू. पहिल्या दिवशीचं राहिलं होतं."

मग शिट्टी वाजली, खणखणीत. सार्थक धावत रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात आडवे करून उभा राहिला. ऋतिकानं रुबाबात, सावकाश रस्ता ओलांडला. सुट्टीचा दिवस होता, दोन्हीकडं लांबपर्यंत एकही गाडी नव्हती.