उत्पन्नाचा रकाना

“हा आकडा तुम्हीच लिहिलात?”

तक्रार अधिकारी बाईंनी क्रेडिट कार्डाचा सहा वर्षांपूर्वीचा अर्ज पुढे सरकवला, आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे न बघता ताई म्हणाली, “हो. मीच.”

खोटं!

मासिक उत्पन्न : साठ हजार. लोकांच्या पँटी आखूड करून देणाऱ्या, जाकिटांच्या चेन बदलणाऱ्या बाईचं... साठ हजार! ताईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून घरातले सगळे अर्ज धाकटाच भरायचा. हाही त्यानेच भरला होता. पण त्याची नोकरी गेल्याच महिन्यात कायम झाली होती, आणि खोट्या कागदावर त्याचं नाव यावं, हे तिच्या जिवाला सोसवणारं नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं, की बँकेने ऐपत न तपासता कर्ज दिल्याची ही तुमची तक्रार आहे. आकडा तुमचाच असेल तर बँक म्हणेल, आम्हालाच फसवलं. मग तक्रार संपली. आणि तक्रार संपली की शिलाईचं दुकान, मशीन, सगळंच वसुलीत...

ताईने अर्ज उलटा करून ठेवला.

धाकटा तिच्याशी बोलतच नव्हता. वसुलीवाल्यांनी त्याच्या ऑफिसात फोन केल्यापासून, चार महिने. तेव्हा एवढंच बोलला होता, की टाके घालणाऱ्या बाईला ही चैन हवीच कशाला.

बाईंनी कार्डाच्या खर्चाची यादी उलगडली. तो नाइलाजाने वाकून वाचू लागला.

कॉलेज.
कॉलेज.
वसतिगृह.
कॉलेज.

“माझी फी बाबांच्या पैशांतून भरत होतीस ना?”

बाबांचे पैसे बाबांच्या आजारपणातच संपले होते, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार होती! तिने नुसती मान खाली घातली, आणि त्या झुकलेल्या मानेतच त्याला सहा वर्षांचा हिशोब कळला...

“मॅडम, हे अक्षर माझं आहे.”

“गप्प बस. नोकरी जाईल तुझी.”

“तू गप्प बस, ताई. आयुष्यात एकदा तरी.”

मग तो सांगत सुटला. बँकेचा एजंट दुकानाच्या दाराला टेकून उभा होता, हवा तेवढा आकडा टाक म्हणाला, कोण तपासतंय. आणि आपली ताई कुणापेक्षा कमी नाही, या सतरा वर्षांच्या घमेंडीत त्याने साठ हजार ठोकून दिले!

बाईंनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. बँकेने चार वेळा मर्यादा वाढवली, त्या म्हणाल्या. ह्या दर महिन्याला जेमतेम किमान रक्कम भरत होत्या, तरी उत्पन्नाचा एक कागद मागितला नाही. त्यात एजंटच असं सांगत असेल, तर चूक बँकेची. व्याज आणि दंड माफ करायचा आदेश त्या देणार होत्या. मुद्दल तेवढं हप्त्यांनी फेडायचं.

“ते मी फेडणार,” धाकटा म्हणाला आणि हप्त्यांच्या कागदावर स्वतःचं नाव लिहू लागला. त्याच्यावरचं प्रत्येक ओझं अधांतरीच झेलणारा ताईचा हात सवयीने पुढे झाला... आणि तिने तो मोठ्या कष्टाने मागे घेऊन मांडीवर ठेवला.