कोंबड्यांचा दोष नाही

बेल वाजली नाही, म्हणून तो दारात येऊन उभा राहिलाय हे तिला कळलंच नाही.

"नमस्कार… बेल दाबली होती मी. दोनदा."

ती खुर्चीतच दचकली. "ती वाजत नाही. म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय ना?"

"तेही खरंच," वायरमन म्हणाला. "पण दाबल्याशिवाय राहवत नाही."

तोवर तिनं मॉनिटरचं बटण दाबून पडदा काळा केला होता. रविवारची दुपार. आई मावशीकडे गेलेली, बाबा आत आडवे झालेले, आणि हॉलमधल्या घरच्या कॉम्प्युटरपुढे सव्वीस वर्षांची गणिताची बाई. वर्गात गेम खेळतात म्हणून सातवीच्या नऊ मुलांचे फोन जप्त करणारी. शाळेत तिला शून्यबाई म्हणत, आणि ते प्रेमानं म्हणत नसत.

तो मार्चमध्ये एकदा येऊन गेला होता, पंख्याचा रेग्युलेटर बसवायला. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर आणि कामाचं काहीही विचारलं तरी एकच उत्तर — "होऊन जाईल." वीस मिनिटांचं काम. ती वीस मिनिटं तिनं पुढे कित्येक महिने पुरवून पुरवून वापरली, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

बेल दहा मिनिटांत दुरुस्त झाली. तेवढ्यात बाबा डोळे चोळत बाहेर आले.

"आलाच आहात तर एवढा कॉम्प्युटरही बघता का? माझ्या हातून बिघडला हो."

तिनं मान खाली घातली. अकरा दिवस ती हेच करत होती.

झालं होतं ते असं. बाबांनी एकदा कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या बटणानं बंद केला. दुसऱ्या दिवशी तो सुरू होता होताच गोठला. घरानं निकाल लावला — बाबा दोषी. खरं तर कॉम्प्युटर सुरू झाला की आपला शेतीचा खेळ आपोआप उघडावा, अशी गुपचूप सोय तिनंच करून ठेवली होती. आणि गोठत होता तो खेळ. बाबा वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत. अकरा दिवस एकही पत्र गेलं नव्हतं. शहरातले खड्डे निर्धास्त झाले होते. आई उठता बसता ऐकवे, "आता तरी विचारून हात लावत जा." बाबा "चुकलं" म्हणत आणि न सांगता भाजी निवडायला बसत. आणि ही समोर बसून बघत असे. रोज वाटे, आज सांगू. मग वाटे… काय सांगू?

वायरमननं कॉम्प्युटर सुरू केला. "यात एक खेळ आहे, काका."

"खेळ? आमच्याकडे कोण खेळणार? ही तर पोरांचे फोन काढून घेते!"

"माहितीये. माझ्या भाचीचा यांच्याच कपाटात आहे." तो पडद्याकडे बघत होता. तिथं शेताचं नाव होतं — शून्यमळा. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. तिचे कान तापले.

"असे खेळ कधी कधी आपोआप येतात, काका," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही असं करा, बाहेर स्टूल घेऊन बसा आणि मिनिटाला एकदा बेल दाबा. जोड सैल राहिलाय का ते कळेल."

बाबा शिक्षा भोगायला निघाल्यासारखे स्टूल घेऊन गेले.

"आपोआप येतात?" तिनं हळूच विचारलं.

"कधीच नाही. मीही खेळतो हा. मॉड किती टाकलेत?"

मॉड म्हणजे मूळ खेळात हौशी लोकांनी बाहेरून जोडलेल्या गमती.

"दोन… चार."

त्यानं फोल्डर उघडला. चौसष्ट होते.

"गणित तुमचं," तो म्हणाला. "मी काय बोलणार?"

मग त्यानं रीत सांगितली. निम्मे काढायचे, खेळ चालवून बघायचा. चालला तर दोष काढलेल्यांत, नाही तर राहिलेल्यांत. त्यांचे परत निम्मे. "वायरिंगमधला बिघाडही असाच सापडतो. होऊन जाईल."

चौसष्टाचे सहा वेळा निम्मे केले की एक उरतो, हे ती सातवीला दरवर्षी शिकवायची. एका फेरीला चार मिनिटं. म्हणजे अब्रू जायला चोवीस मिनिटं. गणित इतकं चोख तिला कधीच नको होतं.

टिंग टाँग!

"वाजली का?" बाहेरून बाबा.

"वाजली, काका!"

बत्तीस उरले. मग सोळा.

"गायींना मोजे कशाला?"

"तिथं थंडी असते."

"आणि माणसांना?"

"माणूस एकच आहे… म्हणजे — तुम्ही यादी वाचू नका ना! नुसते निम्मे करा."

"न वाचता निम्मे कसे करू?" तो गालात हसत होता. पेन्सिल कानावरून घसरली. दोघं एकदमच वाकली आणि ती तिच्या हाती लागली. परत द्यायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

टिंग टाँग! "वाजली का?" "वाजली, बाबा!"

आठ. चार. दोन.

उरलेली नावं अशी होती — 'कोंबड्यांच्या टोप्या' आणि 'वायरमन'.

बेल वाजली. कुणीच ओ दिली नाही. "वाजली का?" बाबांनी पुन्हा विचारलं. "अहो, वाजली का?"

"वाजली, काका," तो म्हणाला, मग आवाज अगदी खाली आणून, पडद्यावरची नजर न हलवता, "टोप्यांमुळेच असणार. काढून टाकतो त्या. कोंबड्यांचा काही भरवसा नसतो."

सुटका समोर होती. नुसतं "हं" म्हटलं की झालं. अकरा दिवस बाबा, आता कोंबड्या. आपल्या वाटची शरम दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची तिला सवयच लागली होती.

"नका काढू," ती म्हणाली. "कोंबड्यांचा दोष नाही."

"मग?"

"तो दुसरा… मी बनवलाय."

त्यानं फाइल उघडली. आत एक माणूस होता. कानावर पेन्सिल. त्याच्या तोंडची वाक्यं ओळीनं लिहिलेली — 'होऊन जाईल.' 'रेग्युलेटर सावकाश फिरवा.' 'पाणी नको, आत्ताच प्यायलो.'

"एवढं बोललो मी?"

"सात वाक्यं. वीस मिनिटांत." तिला जमिनीखाली जावंसं वाटत होतं, पण खाली दुसरं बिऱ्हाड होतं.

"पाणी खरं तर हवं होतं," तो म्हणाला. "तुम्ही समोर उभ्या होतात, म्हणून नको म्हटलं." आणि पहिल्यांदाच त्याचेही कान लाल झाले. तो घाईनं खाली वाचत गेला. शेवटी थांबला. "सापडला बिघाड. खेळात याचं शेताच्या मालकिणीशी लग्न झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी हा काहीतरी बोलणार, म्हणून खेळ थांबतो… आणि त्याच्यापुढे वाक्यच नाही. जागा रिकामी."

"सुचलं नाही. लाज वाटली."

"एवढं सगळं लिहिताना नाही वाटली?"

"हे सगळं तुम्ही बोलला होतात. ते… नव्हतात बोलला."

त्यानं कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, रिकाम्या जागी लिहिलं — 'आधी बाबांना आत बोलाव. मग चहा मी टाकतो. तू बस.'

तिनं ते वाचलं. मग त्यातला 'तू' तेवढा परत वाचला. आणि उठून दाराशी गेली.

बाबा बटणावर बोट ठेवून बसले होते. "जोड ठीक आहे ना? की हेही मीच बिघडवलं?"

"बाबा… कॉम्प्युटर तुम्ही नाही बिघडवलात. मी बिघडवला. खेळ माझा आहे. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं."

बाबांनी बटणावरचं बोट काढलं. म्हणाले, "अकरा दिवस भाजी मी निवडली."

"हो."

"तुझ्या आईसमोर सांगशील?"

"संध्याकाळी. जेवायच्या आधी."

"सांग. तोवर मी एक पत्र लिहून घेतो. तुझ्यावर." स्टूल उचलताना त्यांच्या मिशा हसल्यासारख्या जराशा हलल्या.

आत खेळ सुरू झाला होता. बाबांनी पडद्यावरचा माणूस पाहिला, मग खुर्चीतला पाहिला. पुन्हा पडद्यावरचा.

"याला कुठंतरी पाहिलंय," ते म्हणाले, आणि चष्मा शोधायला, जो डोळ्यांवरच होता, आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. छान, खणखणीत. तो दारात उभा होता — कानावर पेन्सिल नाही, खिशात टेस्टर नाही.

घरात काहीच बिघडलेलं नव्हतं.

"पाणी?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "आज हवंय."